लाइट गेली तेव्हा

घरी तेलुगू, गल्लीत कानडी,
मराठी फक्त शाळेत.
चौथीत बाईंनी उभं केलं :
नागनाथ, आईवर पाच ओळी सांग.
मी म्हणालो, माझा आई पहाटे उठतो.
वर्ग बाकं बडवून हसला.
उरलेल्या चार ओळी
मी तीस वर्षं गालात धरून हिंडलो,
सुपारीसारख्या.

यंत्रमागावर लागलो ते बरं झालं.
अक्कलकोट रोडला, बत्तीस मागांच्या शेडमध्ये
कुणी कुणाशी बोलत नाही.
धागा तुटला तर एक बोट, चहाला दोन,
शेठ आला तर मिशीवरून हात.
इथं मुका आणि वक्ता
एकाच मजुरीचे.

मग रामलू जॉबर रिटायर झाले.
माझ्या हातात पहिला धोटा त्यांनी दिलेला,
म्हणून नाव माझं पुकारलं.
समोर माइक. माइकच्या पलीकडे शांतता.
एवढी शांतता मी लाइट गेल्यावरच ऐकलेली,
आणि लाइट जाणं म्हणजे मजुरी तुटणं,
छातीला तेवढंच ठाऊक.
नमस्कार म्हणालो, खाली बसलो.
हार माझ्या हातातच राहिला.
रामलूंनी तो काढून घेतला
आणि स्वतःच गळ्यात घातला.

दुसऱ्या दिवशी ते भाषण मागाला सांगितलं.
खडखडाटात, घसा ताणून :
रामलूमामा, कानशिलात दिलीत, त्याचेही आभार.
कुणाला काय ऐकू जातंय!
तिसऱ्या दिवशी हातवारे आले.
आठवड्यात आठ नंबरचा माग अध्यक्ष झाला,
नऊ नंबर प्रमुख पाहुणे,
कारण तो सारखा झोपायचा.

एप्रिल. दुपारचे अडीच. वर पत्रा तापलेला.
मी म्हणत होतो, मित्रहो, चादर म्हणजे काय,
आणि लाइट गेली.
बत्तीस माग एकदम थांबले,
मी थांबायचा राहिलो :
काय तर चार हजार धाग्यांनी
एका जागी बसायचं कबूल केलं, ती चादर!

आवाज पत्र्याला लागून परत आला.
सगळे वळले.
तेच हसू, चौथीतलं.
अश्रफ म्हणाला, काय बे, इलेक्शनला उभा राहतो का?
मी चपला शोधत होतो
तेवढ्यात कांडीवाली शांतव्वा
पदरानं वारा घेत म्हणाली,
फुडं?

तिला खरंच पुढचं पाहिजे होतं
की वेळ जात नव्हता,
मी कधी विचारलं नाही.
बोललो.
लाइट पावणेचारला आली.
मुकादम म्हणाला, अजून पाच मिनिटं नसती आली
तरी चाललं असतं की.

आता बारशाला बोलावतात, दहाव्यालाही.
हात अजून गार पडतात.
सोलापुरात, उन्हाळ्यात, हात गार पडणं
तोटा कसा म्हणायचा?
बायको तिसऱ्या रांगेत बसते
आणि घड्याळ दाखवते.
मला मात्र ती जागा आवडायला लागलीय,
नाव पुकारल्यापासून पहिल्या शब्दापर्यंतची.
तिथं सगळे माग बंद असतात
आणि मजुरी तुटत नाही.

परवा विडीच्या ब्रँचमध्ये आईचा सत्कार झाला,
पन्नास वर्षं विड्या वळल्या म्हणून.
मी माइक वर केला, टिचकी मारली,
आणि जाणूनबुजून म्हणालो,
माझा आई पहाटे उठतो.

हसले सगळे. मी थांबलो.
हसू शेवटच्या रांगेला जाऊन यायला
किती वेळ लागतो, ते आता कळतं.
आईला काही समजलं नाही,
तिनं शेजारणीला तेलुगूत विचारलं,
आणि सगळ्यात उशिरा, एकटीच,
तोंडाला पदर लावून हसली.

मग उरलेल्या चार ओळी सांगितल्या.
चाळीस झाल्या.
बायकोचं मनगट दिसत होतं,
मी छताकडे बघत बोलत राहिलो.